गप्प पोर्ट म्हणजे बंद पोर्ट नव्हे

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचलं तरी उत्तर कशाचं आहे ते कळेल. तू फैजपूरला कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस. प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये पोर्ट स्कॅनर लिहिलास, म्हणजे मशीनचे कोणते पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचे नंबर दिलेले दरवाजे) उघडे आहेत ते बघणारा प्रोग्रॅम. १ ते १०२४ पोर्ट एकामागून एक, प्रत्येकाला ३ सेकंदांचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा. सरांची परवानगी घेऊन लॅबमधल्या एका मशीनवर चालवलास तर पन्नास मिनिटं लागली. मग टाइमआउट ०.२ सेकंदावर आणलास, ५०० थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) लावलेस. आता काम झटक्यात होतं, पण निकाल दर वेळी वेगळा. २२ नंबर (दुरून लॉगिन करायच्या एसएसएच सेवेचा पोर्ट) कधी उघडा, कधी बंद. मित्राच्या विंडोज लॅपटॉपवरून तिसरंच काहीतरी दिसतं. आणि तू विचारतोस, दादा, चूक कुठे आहे?

मूळ चूक थ्रेडमध्ये नाही. तुझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे: कनेक्ट_एक्सने (पोर्टला जोडून बघणारं पायथनचं फंक्शन) शून्य दिलं तर 'उघडा', नाहीतर 'बंद'. ते 'नाहीतर' सगळा घोळ करतंय. पोर्टकडून निदान तीन प्रकारचे निकाल येतात आणि तू त्यातले दोन एकाच पोत्यात भरतोयस.

रावेरकडचा शेतकरी सकाळी व्यापाऱ्याला केळीचा भाव विचारायला फोन लावतो तेव्हा काय होतं बघ. एक तर शेठ फोन उचलतो. नाहीतर कट करतो. नाहीतर नुसती रिंग वाजत राहते. कट केला याचा अर्थ माणूस जागेवर आहे, फोन हातात आहे, आत्ता बोलायचं नाही एवढंच. रिंग वाजून थांबली तर मात्र काहीच कळत नाही. फोन घरी राहिला असेल, रेंज नसेल, मुद्दाम उचलत नसेल. कट होणं आणि रिंग वाजून थांबणं ही एकच गोष्ट आहे असं कोणताही शेतकरी म्हणणार नाही. तुझा प्रोग्रॅम तेच म्हणतोय.

टीसीपीत, म्हणजे दोन मशीनमध्ये कनेक्शन जोडायच्या नियमांत, हे असं घडतं. तू कनेक्ट म्हणतोस तेव्हा तुझं मशीन सिन नावाचं एक छोटं पॅकेट पाठवतं. त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेलं असेल तर सिन-अ‍ॅक परत येतं, तुझं मशीन अ‍ॅक पाठवतं आणि कनेक्शन जुळतं. कोणी ऐकत नसेल तर समोरच्या मशीनचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःहून रीसेट पाठवतो; हा झाला कट केलेला फोन. आणि मध्ये फायरवॉल (नको ती पॅकेट अडवणारी राखण) असेल व तिला 'ड्रॉप कर' सांगितलेलं असेल तर ती तुझं पॅकेट गिळून टाकते. तिकडून काहीच येत नाही. १९८१ साली टीसीपीचा मूळ मसुदा आला, २०२२ मध्ये तो नव्याने लिहून काढला गेला, पण हा भाग होता तसाच आहे.

आता तुझ्या पन्नास मिनिटांकडे ये. ३ गुणिले १०२४ म्हणजे ३०७२ सेकंद, एक्कावन्न मिनिटं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पोर्टने पुरे तीन सेकंद खाल्ले. ते पोर्ट खरोखर बंद असते तर लॅबच्या स्विचवर रीसेट यायला एक मिलिसेकंदही लागत नाही आणि एकही थ्रेड न लावता १०२४ पोर्ट दोन-चार सेकंदांत संपले असते. तू ज्याला 'प्रोग्रॅम स्लो आहे' म्हणालास तो तुझ्या स्कॅनरने दिलेला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष होता: त्या मशीनवर फायरवॉल आहे आणि ती पॅकेट गिळते. विंडोजची स्वतःची फायरवॉल तर हे आपोआप करते. तिथे बंद पोर्टवरूनही बाहेरच्याला रीसेट मिळत नाही. प्रोजेक्टच्या अहवालात हे लिही. परीक्षकाला आवडेल म्हणून नाही, खरं आहे म्हणून.

तर पहिली दुरुस्ती. कनेक्ट_एक्स जो आकडा परत देतं तो फेकू नकोस. मनातल्या मनात असा सांगाडा धर (सॉकेट म्हणजे कनेक्शनचं तुझ्याकडचं टोक):

तपास (पत्ता, पोर्ट):
  नवा सॉकेट उघड, टाइमआउट १.५ सेकंद
  उत्तर = कनेक्ट_एक्स (पत्ता, पोर्ट)
  उत्तर ० असेल तर 'उघडा'
  १११ किंवा १००६१ असेल तर 'बंद'
  ११ किंवा १००३५ असेल तर 'गप्प'
  दुसरं काही असेल तर तो आकडा जसाच्या तसा लिहून ठेव
  सॉकेट बंद कर

१११ हा लिनक्सवरचा 'कनेक्शन नाकारलं' आणि १००६१ हा विंडोजवरचा. ११ आणि १००३५ हे पायथनच्या टाइमआउटमध्ये उत्तरच आलं नाही याचे. खऱ्या प्रोग्रॅममध्ये हे आकडे हाताने लिहू नकोस, पायथनच्या एररनो मॉड्यूलमधली नावं वापर. इथे ओळख व्हावी म्हणून आकडे दिले.

शेवटून दुसऱ्या ओळीवर, 'दुसरं काही' वर, जरा थांब. तिथे लिनक्सवर बहुतेक वेळा ११३ येतो, 'होस्टपर्यंत रस्ता नाही'. एखाद्या मशीनचे सगळेच पोर्ट ११३ देत असतील तर मशीन बंद आहे किंवा पत्ता चुकला आहे. पण बाकीचे पोर्ट नीट बोलतायत आणि एक-दोनच ११३ देतायत, तर तिथे रस्ता नसणार कसा? तो फायरवॉलचा निरोप असतो: काही फायरवॉल पॅकेट गिळत नाहीत, उलट 'इथे मनाई आहे' असा आयसीएमपी (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणारा) संदेश पाठवतात आणि लिनक्स तो तुला ११३ म्हणून दाखवतो. शेठ बोलत नाही, मुनीम बाहेर येऊन सांगतो. याची उलट बाजूही लक्षात ठेव. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये नुसतं 'रिजेक्ट' लिहिलं तर 'पोर्ट अनरीचेबल' संदेश जातो आणि तो तुझ्याकडे १११ म्हणूनच उमटतो. म्हणजे १११ आला तरी तो शेठने कट केला की मुनीमाने, हे कनेक्ट_एक्सला सांगता येत नाही. तेवढ्यासाठी टीसीपीडंप किंवा वायरशार्क (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारी साधनं) उघडून पॅकेटच बघावं लागतं. बघच एकदा. सिन गेलं आणि रीसेट आलं, हे दोन ओळींत डोळ्यांसमोर दिसतं तेव्हा पुस्तकातलं पान एकदम सरळ होतं.

मग टाइमआउट १.५ च का? लिनक्सवर पहिल्या सिनला उत्तर आलं नाही तर कर्नल एका सेकंदाने तेच पॅकेट परत पाठवतो. ६.५ च्या आधीच्या कर्नलमध्ये मग आणखी २ सेकंदांनी, ४, ८, १६, ३२ आणि शेवटी ६४ सेकंद वाट बघून तो हात टेकतो. बेरीज १२७ सेकंद. टाइमआउट लावलाच नाहीस तर एका गप्प पोर्टला दोन मिनिटांच्या वर लागतात. तुझ्या १०२४ पोर्टांना छत्तीस तास. पण टाइमआउट एका सेकंदाच्या आत ठेवलास तर कर्नलला दुसरा प्रयत्न करण्याची संधीच मिळत नाही. वायफायवर एखादं पॅकेट हरवणं ही रोजची गोष्ट आहे. ते नेमकं २२ चं हरवलं की तुझा प्रोग्रॅम '२२ बंद' म्हणतो, पुढच्या वेळी हरवलं नाही की '२२ उघडा'. दर वेळी बदलणारा निकाल इथून येतो. १.५ सेकंद ठेवलास की दुसऱ्या सिनला जायला आणि उत्तर यायला जागा राहते. लांबच्या सर्व्हरसाठी २ कर. ०.२ फक्त स्वतःच्याच मशीनवर तपासताना चालतो.

मित्राच्या विंडोजचं कोडंही इथेच सुटतं. विंडोजला रीसेट मिळाला तरी ते लगेच मानत नाही. थोडं थांबून पुन्हा सिन पाठवतं, दोन-तीनदा, आणि मगच प्रोग्रॅमला 'नाकारलं' म्हणून कळवतं. यात सुमारे दोन सेकंद जातात. तुझा टाइमआउट ०.२. म्हणजे समोरून उत्तर मिळालेलं असतं आणि ते तुझ्यापर्यंत पोचण्याआधीच तू फोन ठेवून देतोस. विंडोजवर चालवायचं असेल तर ३ सेकंद ठेव, आणि अहवालात कोणत्या मशीनवरून तपासलं ते लिही.

आता थ्रेड. पायथनचे थ्रेड एका वेळी एकच काम करतात, मग उपयोग काय, असं तुझ्या मनात असेल. हिशोब करताना ते खरं आहे. इथे हिशोब नाही, नुसती वाट बघणं आहे, आणि एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं जे कुलूप पायथनमध्ये असतं, ते वाट बघताना पायथन सोडून देतं. शंभर थ्रेड खरोखर शंभर पोर्टांची वाट एकाच वेळी बघू शकतात. सगळे ६५,५३५ पोर्ट एकेक करून, प्रत्येकी एक सेकंद धरला तरी अठरा तासांच्या वर लागतात. शंभर थ्रेडमध्ये अकरा मिनिटं. थ्रेडपूल एक्झिक्युटर घे, त्याला ५० ते १०० कामगार दे, पोर्टांची यादी त्याच्या हवाली कर. प्रत्येक पोर्टला नवा थ्रेड काढत बसू नकोस.

५०० का नकोत, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. दहा-बारा वर्षं झाली. यावल तालुक्यातल्या एका गावात एका पतसंस्थेचं नेटवर्क तपासायला गेलो होतो. परवानगीचं पत्र खिशात होतं. मुख्य कार्यालयातला सर्व्हर शाखेतून कितपत उघडा दिसतो ते बघायचं होतं. मी माझा स्कॅनर ५०० थ्रेडवर सोडला. भर बाजाराचा दिवस, शाखेत पासबुकं घेऊन उभी असलेली माणसं दारापर्यंत. दोन मिनिटांत आतून कारकुनाचा आवाज आला, "भाऊ, बठ्ठं बंद पडनं!" (सगळं बंद पडलं!)

राउटर साधा होता. असा राउटर आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची नोंद एका तक्त्यात ठेवतो आणि त्या तक्त्याला मर्यादा असते. माझ्या स्कॅनच्या नोंदींनी तो तक्ता भरून गेला, शाखेच्या सॉफ्टवेअरला नवं कनेक्शन मिळेना. राउटर बंद-चालू करून सगळं परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. लोहारा-किनगावकडून एसटीने आलेली म्हातारी माणसं तेवढा वेळ उन्हात उभी होती. चूक पूर्ण माझी होती आणि ती मी त्याच दिवशी संस्थेला लेखी कळवली. पण आज सांगण्याचं कारण वेगळं आहे. घरी आल्यावर त्या स्कॅनचा निकाल पाहिला तर पहिले काही हजार पोर्ट 'बंद' आणि पुढचे सगळे 'गप्प'. ते गप्प पोर्ट सर्व्हरचे नव्हतेच, भरलेल्या राउटरचे होते. वेगाच्या नादात मी नेटवर्क तर पाडलंच, वर निकालही खोटा आणला.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. पोर्ट क्रमाने न विचारता यादी आधी पिसून घेतो, म्हणजे मध्येच काही बिघडलं तर गप्प पोर्टांचा एक सलग पट्टा दिसत नाही, सगळीकडे विखुरतो आणि शंका येते. आणि पहिल्या फेरीत जे गप्प राहिले त्यांना दुसऱ्या फेरीत पुन्हा विचारतो, दहाच थ्रेडने, ३ सेकंदांच्या टाइमआउटने. दोन्ही फेऱ्यांत गप्प राहिला तरच 'गप्प' म्हणून नोंद. उघडा आणि बंद यांना परत विचारायची गरज नसते. ती समोरून आलेली उत्तरं आहेत.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ट्राय लावून खाली नुसतं 'एक्सेप्ट, पास' (चूक आली तर सोडून दे) लिहिलं आहेस. ते काढ. लिनक्सवर एका प्रोसेसला साधारण १०२४ फायली उघडता येतात आणि सॉकेटही त्यातच मोजले जातात. सॉकेट मिटायचे राहिले की २४ नंबरची चूक येते, 'फायली फार झाल्या'. तुझा 'पास' ती गिळून टाकतो आणि तो पोर्ट चुपचाप 'बंद' मध्ये जातो. तुझी स्वतःची चूक समोरच्या मशीनच्या नावावर लागते. 'विथ' वापरून सॉकेट उघड, म्हणजे तो आपोआप मिटेल. तसंच मशीनचं नाव दिलं असेल तर त्याचा पत्ता लूपच्या बाहेर एकदाच काढून घे. नाहीतर १०२४ वेळा डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) तोच प्रश्न जातो.

एक विचित्र गोष्ट सांगतो, कारण ती तुला कधी ना कधी भेटेल. स्वतःच्याच लिनक्स मशीनवर, १२७.०.०.१ वर, सगळे ६५,५३५ पोर्ट तपासले की कधी कधी ३२७६८ ते ६०९९९ च्या दरम्यान एखादा पोर्ट उघडा दिसतो. पुन्हा चालवलं की तो बंद आणि दुसराच कुठला तरी उघडा. कोण काय चालवतंय म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ शोधत होतो. ऐकणारे पोर्ट दाखवणाऱ्या एसएस कमांडच्या यादीत काहीच नाही. मग उमगलं. तुझ्या सॉकेटलाही स्वतःचा एक पोर्ट लागतो आणि कर्नल तो याच पट्ट्यातून उचलून देतो. कधी नेमका तोच नंबर मिळतो ज्याच्याकडे तू जोडायला निघालास. मग सिन स्वतःकडेच परत येतं आणि सॉकेट स्वतःशीच जुळतो. टीसीपीच्या नियमात हे बसतं, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कनेक्ट करायला तिथे मुभा आहे. कनेक्शन जुळल्यावर गेटसॉकनेम (आपल्या टोकाचा पत्ता) आणि गेटपीअरनेम (समोरच्या टोकाचा) दोन्ही विचार. सारखे आले तर तो पोर्ट उघडा नाही, तो तूच आहेस.

उघड्या पोर्टवर काय चाललंय ते कळण्यासाठी बॅनर (सेवा पाठवते ती स्वतःची ओळख) वाचायचा, हे तू पुढच्या टप्प्यात धरलं आहेस. एसएसएच स्वतःहून बोलतं, जुळलं की लगेच आपली आवृत्ती सांगतं. मेलचा सर्व्हरही स्वतःहून बोलतो. वेब सर्व्हर तू विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून आधी सेकंदभर नुसतं ऐक, काही आलं तर ते बाइट्स म्हणून घे आणि अक्षरांत बदलताना न कळणाऱ्या बाइट्ससाठी 'रिप्लेस' लाव, नाहीतर एका वाकड्या बाइटवर सगळा प्रोग्रॅम आडवा होईल. रिकामं उत्तर आलं म्हणजे समोरच्याने जुळवून लगेच सोडलं. काहीच आलं नाही तरच वेब सर्व्हरला विचारतात तशी एक साधी 'हेड' विनंती पाठव.

पण ९१०० वर काहीही पाठवू नकोस. तो नेटवर्क प्रिंटरचा पोर्ट. तिथे जे पाठवशील ते तो कागदावर छापतो. जळगाव एमआयडीसीतल्या एका जिनिंगच्या ऑफिसात कापसाच्या हंगामात मी बॅनर तपासत होतो आणि कोपऱ्यातला प्रिंटर अचानक सुरू झाला. पानावर वरच्या कोपऱ्यात एकच ओळ, माझी 'हेड' विनंती, खाली सगळं कोरं. मग दुसरं पान, तिसरं. वजनाच्या पावत्यांसाठी थांबलेला गाडीवाला ती पानं हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. एनमॅपसारखं पोर्ट तपासणारं मुरलेलं साधनही सेवा ओळखण्याच्या कामात ९१०० आपोआप वगळतं, ते याचसाठी. तुझ्या प्रोग्रॅममध्ये 'इथे फक्त जोडून बघ, बोलू नको' अशी छोटी यादी सुरुवातीपासून ठेव.

नंबरावरून सेवेचं नाव सांगणं हा अंदाज आहे, एवढं धरून चाल. पायथनचं गेटसर्व्हबायपोर्ट मशीनवरच्या एका यादीतून नाव काढून देतं, समोर जाऊन बघत नाही. आपल्याकडे कोणत्याही जिनिंगच्या किंवा सीएच्या ऑफिसात ९००० उघडा दिसला की टॅली असण्याची शक्यता मोठी, कारण टॅलीचा नेहमीचा पोर्ट तोच. पण त्या यादीत तुला टॅलीचं नाव मिळणार नाही आणि दुसऱ्या ऑफिसात त्याच ९००० वर भलतंच काही बसलेलं असेल. अहवालात 'उघडा: ९०००' हे निरीक्षण आणि 'बहुधा टॅली' हा अंदाज, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिही.

यूडीपीचं (कनेक्शन न जोडताच पॅकेट पाठवायची पद्धत) विचारलंस, ते सध्या बाजूला ठेव. तिथे हस्तांदोलनच नाही. उघडा पोर्टही बहुतेक वेळा गप्प राहतो आणि फायरवॉलमागचाही. बंद असेल तर आयसीएमपीने कळतं, पण लिनक्स असे निरोप सावकाश, मोजून-मापून पाठवतो. टीसीपीचं काम पक्कं झाल्यावर तिकडे वळ. सिन स्कॅनही (कनेक्शन पूर्ण न जोडता नुसतं सिन पाठवून बघणं) तसाच. त्याला रॉ सॉकेट (पॅकेट स्वतः बनवून पाठवू देणारे) लागतात, लिनक्सवर रूटचे अधिकार लागतात, आणि कनेक्टवाल्या स्कॅनरने तुला जे शिकायचं आहे त्यात तो काही भर घालत नाही.

सराव कुठे करायचा, हे नीट वाच. आधी स्वतःच्या मशीनवर तिन्ही उत्तरं घडवून आण. पायथनचा छोटा वेब सर्व्हर ८००० वर सुरू कर, स्कॅनर चालव: ०. सर्व्हर थांबव, पुन्हा चालव: १११. मग फायरवॉलमध्ये ८००० साठी ड्रॉपचा नियम घालून तिसऱ्यांदा चालव: ११. ही तिन्ही उत्तरं बरोबर आल्याशिवाय दुसऱ्या मशीनकडे जाऊ नकोस. त्यानंतर सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर बांधून बघ. मशीनच्या आतून तो उघडा दिसेल, शेजारच्या लॅपटॉपवरून नाही. डेटाबेस चालू आहे पण बाहेरून दिसत नाही, या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण असतं, आणि ते तसंच असलेलं बरंही असतं.

घराबाहेर जायचं तर लेखी परवानगी. तोंडी नको. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, त्याच्या कामात अडथळा आणणं हे येतं. तेच लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझा हेतू शिकण्याचा आहे हे मला माहीत आहे. पण समोरच्याच्या लॉगमध्ये फक्त तुझा पत्ता आणि एकामागून एक पोर्ट दिसतात, हेतू दिसत नाही. पत्रात कोणती मशीन, कोणत्या तारखेला, किती ते किती वाजता, एवढं लिहून सही घे. मी बाजाराचा दिवस टाळण्याचंही त्यात लिहून घेतो. इंटरनेटवरचं मशीन हवंच असेल तर एनमॅपवाल्यांनी सरावासाठी खुलं ठेवलेलं स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग आहे. तिथे थोडं आणि सावकाश.

आणि 'माझाच पब्लिक आयपी स्कॅन करतो' म्हणशील तर आधी थांब. आपल्याकडे मोबाइल डेटावर आणि गावोगावच्या फायबरवर बरेचदा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघ. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल तर तू अशाच वाटणीत आहेस. मग वेबसाइट तुला जो 'तुमचा आयपी' दाखवते तो तुझ्या कंपनीच्या यंत्राचा आहे, तुझ्या घरातला नाही. तिथे जे उघडे-बंद पोर्ट दिसतील त्यांच्याशी तुझा संबंध नाही आणि ते तपासायची परवानगीही तुझ्याकडे नाही.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर एकच सांगतो. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्रॅम जगभर पसरला तो २३ आणि २३२३ हे टेलनेटचे उघडे पोर्ट शोधत आणि कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड लावून बघत. त्याने पकडलेल्यांत कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर होते. तशीच यंत्रं आज आपल्याकडे केळीच्या कोल्ड स्टोरेजवर, सराफाच्या दुकानात, शाळेच्या गेटवर लावलेली आहेत, आणि लावणाऱ्याने बरेचदा पासवर्ड तोच ठेवलेला असतो. तुझा स्कॅनर खरं बोलायला लागला की अशा एखाद्या दुकानदाराला, त्याने बोलावलं तर, त्याच्याच नेटवर्कवर बसून २३ उघडा आहे हे दाखवता येईल. पण तोच स्कॅनर गप्पला बंद म्हणत असेल तर तू त्याला 'सगळं बंद आहे, निर्धास्त रहा' सांगून येशील.

दुरुस्त्या झाल्या की लॅबच्या त्याच मशीनवर परत जा. सरांकडून नवी तारीख लिहून घे. आधी तुझा स्कॅनर चालव, मग त्याच १ ते १०२४ पोर्टांवर एनमॅप त्याच्या कनेक्ट पद्धतीने चालव, आणि त्या मशीनवर बसून एसएसची ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढ. मशीन विंडोजचं असेल तर नेटस्टॅटची. तीन कागद शेजारी ठेव. जिथे फरक दिसेल तो एक पोर्ट घे, टीसीपीडंप सुरू करून तेवढ्या एकाच पोर्टला विचार, आणि आलेल्या ओळी मला पाठव. तुझा स्कॅनर काय म्हणाला तेही सोबत लिही, आकड्यासकट.